फिश टँकमध्ये खऱ्या वनस्पती लावताय? आधी तळाची माती-वाळू बघा, मग रोप निवडा

रहाटणी (प्रतिनिधी) : रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर भागात आता घरोघरी काचेची पेटी दिसते. गावाकडेही पोरांच्या हट्टापायी दोन फुटी फिश टँक आले आहेत. सुरुवातीला त्यात प्लॅस्टिकची झाडं असतात, नंतर खरी लावावीशी वाटतात. दुकानातून रोपं आणली, रंगीत खड्यात खोचली आणि महिन्याभरात सगळी कुजली, असं बहुतेकांचं होतं. दोष बऱ्याचदा रोपाचा नसतो, तळाचा आणि निवडीचा असतो. आपण शेतकरी माणसं. जमीन बघून पीक घ्यायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टँकलाही तोच नियम आहे.

आधी माझी चूक सांगतो

तीन वर्षांपूर्वी पोरासाठी टँक मांडला. माती विकत कशाला आणायची म्हणून वांग्याच्या प्लॉटातली माती चाळून तळाला टाकली, वर वाळूचा थर दिला. दोन दिवसांनी आठ गप्पी सोडले. संध्याकाळपर्यंत ते वेडेवाकडे पोहायला लागले आणि सकाळी सगळे उलटे. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या प्लॉटावर पंधरा दिवसांपूर्वी अळीसाठी सायपरमेथ्रीनची फवारणी झाली होती. या गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. म्हणून पहिला नियम : फवारणीच्या रानातली माती टँकमध्ये घालायची नाही. तांब्याचं बुरशीनाशक मारलेली मातीही नको, त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

तळाला काय घालावं?

*वाळू किंवा बारीक खडा :* दाणा बाजरीपेक्षा बारीक नको आणि ज्वारीपेक्षा फार मोठा नको. खडा मोठा असेल तर उरलेलं खाद्य फटीत जाऊन सडतं. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. चिबड रानात पीक पिवळं पडतं तसाच हा प्रकार. अशा तळाला काळे डाग पडतात, ढवळलं की सडक्या अंड्याचा वास येतो. तो वायू माशांना घातक असतो.

*क्रश सँड :* चालते, पण तिच्यात दगडाची भुकटी फार असते. बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. दहा-बारा वेळा धुवावी लागते, कंटाळा करू नये.

*चुन्याची परीक्षा :* कोणताही खडा घालण्याआधी मूठभर बाजूला काढून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले म्हणजे त्यात चुना आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या खडीतही कधीकधी चुनखडीचे पांढरे कण असतात. संगमरवरी तुकडे, शिंपले, प्रवाळ यांच्यातून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जड होतं. परीक्षेला वापरलेला खडा फेकून द्या.

*नदीतली वाळू :* पवनेच्या पात्रातून वाळू आणू नका. परवानगीशिवाय नदीतून वाळू काढणं गुन्हा आहे आणि त्या पात्रात सांडपाणीही मिसळतं.

*मातीचा थर :* मातीवर थोडी वाळू टाकून टँक करायची पद्धत जगभर वापरली जाते. डायना वॉलस्टॅड या अमेरिकी बाईंनी 1999 साली त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माती एक इंच, तिच्यावर वाळू एक ते दीड इंच, एवढंच प्रमाण. माती फवारणी नसलेल्या, खत न टाकलेल्या जागेतली असावी. निव्वळ काळी माती घेऊ नका. ती पाण्यात फुगते, चिकट होते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. तांबडी पोयट्याची माती बरी. शेणखत, गांडूळखत घालायचं नाही, त्याने अमोनिया वाढतो. पहिल्यांदाच टँक करणाऱ्याने मातीच्या फंदात पडू नये, नुसती वाळू पुरते.

किती वाळू लागेल?

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टँकमध्ये दोन इंच थराला साधारण नऊ लिटर, म्हणजे चौदा-पंधरा किलो वाळू लागते. पुढच्या बाजूला दीड-दोन इंच आणि मागे अडीच-तीन इंच असा उतार ठेवा. मोठी मुळं असलेली रोपं मागे लावा. पाणी, वाळू आणि काच मिळून एक फूट उंचीचा असा टँक सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातो. हलक्या टेबलावर ठेवू नका.

रोप कोणतं निवडावं?

साध्या दिव्यावर, वेगळा वायू न सोडता टिकणारी ही रोपं :

1. वॅलिस्नेरिया : गवताच्या पात्यासारखी लांब पानं. जड पाणीही सोसते. बाजूला फुटवे काढून आपोआप पसरते. मागच्या बाजूला लावा.
2. हायड्रिला : आपल्या ओढ्या-तलावातली ओळखीची वनस्पती. भरभर वाढते, सतत छाटावी लागते. दुकानातूनच घ्या. ओढ्यातली आणली तर तिच्याबरोबर जळवा आणि किडे येतात.
3. हॉर्नवर्ट : मुळं नसतात, लावायची गरज नाही, नुसती तरंगत सोडा. नव्या टँकमधला अमोनिया शोषून घेण्यात पटाईत. गप्पीची पिल्लं हिच्यात लपतात.
4. क्रिप्टोकोरिन : कमी उजेडात चालते. लावल्यावर पानं गळतात, घाबरू नका. मुळं शाबूत असतील तर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं फुटतात. उपटून बघत बसू नका. हिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्येही आढळतात.
5. जावा फर्न आणि अनुबियास : यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.
6. जलब्राह्मी : आपली औषधी ब्राह्मी. बुडालेल्या स्थितीतही वाढते, पण उजेड बरा लागतो.

फसवी रोपं : लकी बांबू, ड्रॅसिना, जांभळ्या पानांचं वॅफल ही रोपं पाण्यातली म्हणून विकली जातात. ती कुंडीतली आहेत. पूर्ण बुडवली की महिना-दोन महिन्यांत सडतात आणि पाणी नासवतात. दुकानदाराला सरळ विचारा, 'हे कायम पाण्याखाली जगतं का?'

नवीन रोप आणलं की वाहत्या पाण्यात धुवा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून पुन्हा धुवा. गोगलगायी आणि किडे कमी होतात.

पाणी कुठलं?

पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं. ते रावेत बंधाऱ्यातून उचलून निगडीत शुद्ध केलं जातं आणि त्यात क्लोरीन असतो. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, म्हणून सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणीही मिसळतं. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवून मग वापरा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट चांगलं येतं, नाजूक लाल रोपं सहसा टिकत नाहीत.

खत आणि उजेड

शेतातलं युरिया, 10:26:26 किंवा 19:19:19 टँकमध्ये चिमूटभरही टाकू नका. त्यातला अमोनिया मासे मारतो. माशांची विष्ठा हेच खत. रानात युरियाचं जिवाणूंमार्फत नायट्रेट होतं, तसंच टँकमध्ये अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं. हे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणून आधी रोपं लावा, मासे नंतर आणि थोडे-थोडे सोडा.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. टँक खिडकीच्या थेट उन्हात ठेवला की हिरवं शेवाळ धरतं. रोपं दिवसा ऑक्सिजन देतात, रात्री मात्र घेतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर रात्री हवेचा पंप चालू ठेवा. आठवड्याला पाव टँक पाणी बदला. ते जुनं पाणी परसबागेला किंवा कुंड्यांना द्या, चांगलं खत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : नदीत टाकू नका

छाटलेली रोपं, नको झालेले मासे पवनेत, कालव्यात किंवा शेततळ्यात सोडू नका. पवनेत जी जलपर्णी दिसते, जिच्याखाली पाणी झाकलं जातं आणि डास वाढतात, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. इंग्रजांच्या काळात शोभेची म्हणून भारतात आली. आता तिला काढायला महापालिकेला दरवर्षी खर्च करावा लागतो. टँक साफ करणारा म्हणून घेतलेला सकर मासाही परदेशी आहे. तो नदी-तलावात सुटला की तिथल्या माशांच्या पोटावर येतो आणि मच्छिमारांची जाळी फाडतो. छाटलेली रोपं उन्हात कडक वाळवा आणि खताच्या खड्ड्यात टाका. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा टँक असलेल्या ओळखीच्याला द्या.

तसंच कास पठाराच्या भागातला वायतुरा किंवा सह्याद्रीच्या सड्यांवरची पाणवनस्पती टँकसाठी उपटून आणू नका. वायतुरा फक्त आपल्याच सह्याद्रीत उगवतो आणि त्याच्या जागा मोजक्याच उरल्या आहेत. कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

थोडक्यात : वाळू धुतली का, व्हिनेगर टाकून बघितलं का, माती फवारणीच्या रानातली तर नाही ना, आणि रोप खरंच पाण्यातलं आहे का, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय टँकमध्ये पाणी भरू नका. आमच्या घरी दुसऱ्यांदा नुसती धुतलेली वाळू, वॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट एवढंच घातलं. सहा आठवडे थांबून मासे सोडले. आज त्यात गप्पीची तिसरी पिढी आहे, आणि पोरगं रोज शाळेतून आलं की आधी तिथेच जाऊन उभं राहतं.