नियत गती आणि राखीव अंतर : ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासाचे एक विवेचन

कोणत्याही यंत्राची नियत क्षमता आणि त्याची प्रत्यक्ष क्षमता ह्या दोहोंत काही अंतर मुद्दाम राखलेले असते. पूल बांधणारा त्यावर जो भार लिहून देतो, त्याहून अधिक भार तो पूल सोसू शकतो. परंतु ते अधिक बळ वापरण्यासाठी नसून अनपेक्षित प्रसंगासाठी असते. संगणकाच्या प्रोसेसरलाही हाच नियम लागू आहे. नियत गतीहून अधिक गतीने प्रोसेसर चालविणे ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ह्या प्रथेचा इतिहास सामान्यतः हौशी लोकांच्या करामतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो ह्या राखीव अंतरावर कोणाचा अधिकार आणि त्यातील जोखीम कोणाच्या माथी, ह्या प्रश्नाचा इतिहास होय.

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया घड्याळाच्या स्पंदाबरोबर होते. एका स्पंदात निघालेला संकेत पुढील स्पंदापूर्वी आपल्या स्थानी पोचला पाहिजे. न पोचल्यास उत्तर चुकते. संकेतास लागणारा वेळ व्होल्टेज, तापमान आणि सिलिकनचा घडीव दर्जा ह्यांवर अवलंबून असतो. एकाच चकतीतून कापलेले सर्व तुकडे सारखे निपजत नाहीत. म्हणून निर्माता त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावतो आणि अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतही जी गती निभेल तीच त्यांवर नोंदवितो. त्यातही स्वस्त मालाची मागणी अधिक असल्यास वरच्या प्रतीचे तुकडे खालच्या गतीच्या नावाने विकले जातात. राखीव अंतर अशा रीतीने अंशतः अभियांत्रिकीचे आणि अंशतः व्यापाराचे अपत्य आहे.

ह्या अंतराचा शोध वापरणाऱ्यांना लवकरच लागला. १९८४ साली आयबीएमने ‘पीसी एटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यातील ८०२८६ प्रोसेसर १२ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकावर, म्हणजे त्याच्या निम्म्या, ६ मेगाहर्ट्‌झ गतीने चाले. काही ग्राहकांनी तो स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्‌झचा बसविला आणि अल्प खर्चात ८ मेगाहर्ट्‌झची गती मिळविली. कंपनीने पुढील आवृत्तीच्या रॉममध्ये गती तपासण्याची व्यवस्था घातली. गती अधिक आढळल्यास यंत्र आरंभीच्या चाचणीतच अडे. १९८६ मध्ये मात्र ८ मेगाहर्ट्‌झचा एटी कंपनीनेच विक्रीस आणला. निर्मात्याने प्रथम प्रतिबंध करावयाचा आणि नंतर तीच गती स्वतः विकावयाची, हा क्रम पुढेही पुनःपुन्हा दिसून येतो.

१९९० नंतरच्या दशकात ह्या प्रश्नास फसवणुकीचे अंग आले. कमी गतीच्या प्रोसेसरवरील अक्षरे पुसून त्यांवर अधिक गती छापण्याचा धंदा काही व्यापाऱ्यांनी आरंभिला. त्यावर उपाय म्हणून इंटेलने गतीचा गुणक कायम करून टाकला. गुणक बदलता येईना, तेव्हा हौशी मंडळी मदरबोर्डवरील मूळ मार्गिकेच्या वारंवारितेकडे वळली. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हे ह्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण. त्याचा गुणक साडेचार आणि मार्गिका ६६ मेगाहर्ट्‌झची होती. मार्गिका १०० वर नेली की प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झने चाले. त्याचा आरंभीचा घाऊक भाव १४९ डॉलर, तर त्याच वेळी आलेल्या ४५० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम टूचा ६६९ डॉलर होता. एवढा लाभ क्वचितच इतक्या सहज हाती आला असेल. परंतु ह्याच पद्धतीत एक धोकाही होता. मार्गिका ८३ मेगाहर्ट्‌झवर ठेवल्यास तिच्याशी बांधलेली पीसीआय मार्गिका ३३ ऐवजी ४१ मेगाहर्ट्‌झच्या वर जाई, आणि हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडण्याचा संभव उत्पन्न होई. १०० मेगाहर्ट्‌झवर विभाजक बदलत असल्याने हा दोष राहत नसे. कमी धाडस हे नेहमीच कमी धोक्याचे असते, हा समज येथे खोटा ठरतो.

धोक्यांचे तीन प्रकार मानता येतील. पहिला उष्णतेचा. वीजवापर गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; गती दीडपट आणि व्होल्टेज एक दशांशाने वाढविल्यास तो सुमारे १.८ पट होतो. दुसरा झिजेचा. जोरदार प्रवाहाखाली धातूच्या सूक्ष्म तारांतील अणू हळूहळू सरकतात. ह्या क्रियेचे आणि तापमानाचे नाते जेम्स ब्लॅक ह्यांनी १९६९ मध्ये समीकरणात मांडले. तिसरा प्रकार सर्वात गंभीर, कारण तो दिसत नाही : यंत्र बंद न पडता चुकीचे उत्तर देते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख घरगुती संगणकांतील बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नियत गतीहून थोडी अधिक गतीही विश्वसनीयता लक्षणीय रीतीने घटविते, असे आढळले. ह्या अभ्यासात बंद पडणारी यंत्रेच मोजली गेली. मुकाट्याने चुकणारी यंत्रे अशा मोजणीत येत नाहीत. खेळात एखादे चित्र क्षणभर विस्कटले तर हानी नाही. दीर्घ गणनेवर निष्कर्ष उभा करणाऱ्यास मात्र हा भेद प्राणभूत आहे.

२००४ हे वर्ष ह्या इतिहासातील वळण होय. उष्णतेपुढे केवळ गती वाढविण्याचा मार्ग खुंटला. इंटेलने त्या वर्षी ‘तेजस’ हा नियोजित प्रोसेसर आणि ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम फोर हे दोन्ही संकल्प सोडून दिले. गती सहज वाढत नाही असे दिसताच राखीव अंतराचे मोल वाढले आणि निर्मातेच त्याकडे वळले. २००८ मधील ‘टर्बो बूस्ट’ योजनेने उष्णता व वीज ह्यांची मर्यादा पाहून प्रोसेसर स्वतःच आपली गती चढवू लागला. २०१० पासून गुणक मोकळा असलेले प्रोसेसर इंटेल ‘के’ ह्या अक्षराने अधिक किमतीस विकू लागली. २०१२ पासून काही वर्षे ओव्हरक्लॉकिंगमुळे जळालेला प्रोसेसर एकदा बदलून देण्याची हमीही वेगळी रक्कम घेऊन मिळत असे. पूर्वी जे अंतर ग्राहक चोरून घेई, तेच आता त्यास विकत मिळू लागले.

ह्या प्रवासाचा अलीकडील टप्पा विशेष बोधप्रद आहे. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर वाजवीहून अधिक व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे उघड झाले. कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. परंतु झालेली झीज अशा दुरुस्तीने भरून येत नव्हती. येथे स्फटिक बदलणारा कोणी हौशी नव्हता. ज्यांनी यंत्राच्या व्यवस्थेस हातही लावला नव्हता, असे ग्राहकही ह्या जोखमीत सापडले.

ह्यावरून ओव्हरक्लॉकिंग हे निव्वळ साहस किंवा निव्वळ अविचार ठरत नाही. निर्मात्याने ठेवलेल्या अंतराचा काही भाग खरोखरच व्यापारी होता, आणि तो मिळविणाऱ्यांनी रास्त लाभ घेतला. उरलेला भाग मात्र उत्तर बरोबर येण्यासाठी मोजलेली किंमत होती. १९८४ मध्ये ती कोण चुकवीत आहे हे गती वाढविणाऱ्यास ठाऊक होते, कारण त्याने स्वतःच्या हाताने स्फटिक बदललेला होता. २०२४ मध्ये ते यंत्र विकत घेणाऱ्यास ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांत गती किती वाढली ह्याची नोंद सर्वत्र आढळते. जोखीम एका हातातून दुसऱ्या हाती कशी गेली, ह्याची नोंद तितकीच महत्त्वाची आहे.