आंबोलीत पाऊस, गोकाकला पूर: बेळगाव जिल्ह्यातल्या नद्यांचं गणित

बेळगाव शहरात पाऊस उघडला म्हणजे जिल्ह्यातला पूर ओसरला, असं समजणं चुकीचं. जुलै-ऑगस्टमध्ये अथणी, रायबागकडे लख्ख ऊन असतं आणि कृष्णा मात्र चढत असते. ते पाणी तिथल्या पावसाचं नसतंच.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सत्तरेक किलोमीटरवरच्या बेळगावात साधारण 1300, आणि अथणीत 600 सुद्धा धड नाही. म्हणजे पूर येणारा भाग बऱ्याचदा दुष्काळी पट्ट्यातलाच असतो!

पाणी कुठून येतं ते नदीगणिक वेगळं आहे. चिकोडी, रायबाग, अथणीकरांनी कोयना आणि पंचगंगेच्या खोऱ्याकडे बघायचं. कोयना धरण 105 टीएमसीचं. त्याचा विसर्ग कराड, सांगलीवरून खाली येतो, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, पुढे दूधगंगाही येते. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. सांगलीच्या खाली कृष्णेला उतार कमी, त्यामुळे पाणी सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. ऊस आठ-आठ दिवस पाण्यात उभा राहून कुजतो तो इथंच.

निपाणी भागाची भिस्त वेदगंगेवर, म्हणजे पाटगावच्या पावसावर. 2019 आणि 2021 मध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं ते याच नदीचं.

गोकाकचं दुखणं निराळं. घटप्रभेवर 51 टीएमसीचं हिडकल धरण आहे, पण आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरमार्गे येणारी हिरण्यकेशी धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते. मार्कंडेयही गोकाकजवळच येते. हिडकलचे दरवाजे बंद असले तरी हिरण्यकेशीचं पाणी अडत नाही. दरवाजे उघडले की दोन्ही पाणी एकत्र.

बातम्यांतले क्युसेकचे आकडे वाचायला एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1 लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी होतं. या वेगाने रिकामं हिडकल सहा दिवसांत भरेल. पण ऑगस्टमध्ये धरण रिकामं असतं कुठं? मृगाच्या आणि आर्द्राच्या पावसावर धरणं भरत आणायची, तर ‘म्हाताऱ्या’ पावसाला जागा उरत नाही. आणि मोकळी ठेवली तर उन्हाळ्यात कालव्याला पाणी कुठलं, ही पाटबंधारे खात्याची खरी अडचण. 2021 चा पूर पुष्य नक्षत्रातला, 2019 चा आश्लेषातला.

अलमट्टीचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. पाणीपातळी 519.60 वरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा लवादाने 2010 मध्ये दिली, त्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध आहे. 2019 च्या पुराला अलमट्टी कारण नव्हतं, असं महाराष्ट्राच्याच वडनेरे समितीचं म्हणणं. उंची वाढल्यावर काय होईल, हा प्रश्न मात्र वेगळा.

खानापूर तालुक्यात तर एकाच डोंगराचं पाणी दोन समुद्रांना जातं. कणकुंबीची मलप्रभा नविलतीर्थ धरणातून पूर्वेला, आणि देगावची म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. कळसा-भांडुराचं भांडण या पाणलोटावरचंच.

बेळगाव शहराजवळ स्थानिक पावसाने येणारा पूर म्हणजे बळ्ळारी नाल्याचा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भातरोपं पाण्याखाली जातात ती कुठल्या धरणामुळे नव्हे. नाल्यात साचलेला गाळ आणि जलपर्णी यांनी पाणी तुंबतं. हा पूर मात्र बेळगावचं आभाळ बघून ओळखता येतो, आणि नाला मे महिन्यात उपसला तर बराच कमीही करता येतो.