‘कुडवा’ जोडताना : पायथनमधील एका प्राथमिक पाठाचा इतिहास

पायथन ही संगणकभाषा शिकू लागणाऱ्याला आरंभीच्या धड्यांतच दिलेले शब्द, मध्ये ठरावीक खूण घालून, एका ओळीत जोडण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि देवरी ही तालुक्यांची नावे स्वल्पविरामाने जोडताना नवशिका बहुधा प्रत्येक नावामागे स्वल्पविराम लावत जातो, आणि मग देवरीनंतरही एक उरतो; ‘जॉइन’ ही क्रिया मात्र खूण फक्त दोन नावांच्या मध्येच घालते.

या क्रियेची मांडणी नवशिक्याला उलटी वाटते, आणि त्याचे कारण तिच्या इतिहासात आहे. गिदो व्हान रॉसम यांनी 1989 च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथे पायथनचे काम हाती घेतले आणि 1991 मध्ये ती भाषा प्रसिद्ध केली; सुरुवातीच्या आवृत्त्यांत जोडणीचे काम ‘स्ट्रिंग’ नावाच्या स्वतंत्र विभागात असून त्याला आधी यादी आणि मग खूण द्यावी लागे. स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची क्रमवार मालिका. 2000 साली आलेल्या 1.6 आणि 2.0 या आवृत्त्यांत अशा क्रिया स्ट्रिंगच्याच अंगी आल्या, त्यामुळे जॉइन यादीकडे न जाता जोडणाऱ्या खुणेकडे गेली. शब्द यादीत असोत वा दुसऱ्या कोणत्या रचनेत, ते जोडण्याचे ज्ञान प्रत्येक रचनेला वेगळे द्यावे लागू नये, हा त्यामागचा विचार समर्थनीयच होता. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. तरीही आजचा विद्यार्थी यादीलाच जोडायला सांगतो आणि चूक झाल्याचा संदेश पाहतो; अशा वेळी त्याला नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ‘जोडणारा कोण?’ एवढे विचारणे अधिक उपयोगी पडते.

मराठी विद्यार्थ्यापुढे याच पाठात आणखी एक पेच उभा राहतो, ज्याची दखल इंग्रजी उदाहरणांवर बेतलेले पाठ सहसा घेत नाहीत. गोंदिया शहरालगतच्या कुडवा या गावाचे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. तेच जॉइनला देऊन मध्ये आडवी रेघ घालण्यास सांगितले, तर पायथन क, उकार, ड, व आणि काना असे पाच तुकडे करते, आणि मात्रा व्यंजनांपासून तुटून अधांतरी राहतात. हा पायथनचा दोष नव्हे; त्याचे मूळ लिपीच्या संकेतरचनेत आहे. भारतीय लिप्यांसाठी केलेल्या इस्की या संकेतमानकात मात्रेला व्यंजनाहून वेगळा संकेत होता. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक मानकाने देवनागरीची रचना इस्कीच्या 1988 च्या रूपावर आधारली. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण बाराखडीतील प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र संकेत ठेवले असते तर त्यांची संख्या अवाढव्य झाली असती.

वाचकाला एक अक्षर म्हणून दिसणाऱ्या संकेतसमूहाचे नियम युनिकोडने पुढे ठरवले, परंतु ‘अर्जुनी’मधील ‘र्जु’सारखे जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यांत 2023 च्या 15.1 या आवृत्तीत आला. सबंध शब्द दिल्यास पायथनची मूळ जॉइन आजही एकेका संकेतानेच चालते, म्हणून नवशिक्याने आधी ‘कु’, ‘ड’ आणि ‘वा’ अशी तीन स्ट्रिंगची यादी करून तीच खुणेच्या हवाली करावी; मग उत्तर ‘कु-ड-वा’ असे येते.