ॲडव्हेंट रीथ
ॲडव्हेंट रीथ म्हणजे नाताळपूर्वीचे चार रविवार मोजण्यासाठी मेजाच्या मध्यभागी ठेवले जाणारे, सदाहरित डहाळ्यांचे व चार मेणबत्त्यांचे कडे होय.

इतिहास
१८३९ मध्ये जर्मन धर्मोपदेशक योहान हिनरिश विशर्न यांनी हॅम्बुर्ग येथील आपल्या आश्रमातील गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत, म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या, पांढऱ्या व इतर दिवसांच्या लहान, लाल असत. पुढे घरोघरी चारच राहिल्या.

रचना
गवताच्या कड्यावर फर वृक्षाच्या डहाळ्या एकाच दिशेने, एकीवर एक चढवून बारीक तारेने बांधतात. मेणबत्त्या धातूच्या बैठकींत बसवून दर रविवारी एक अधिक पेटवतात. उबदार खोलीत डहाळ्या सुकून सहज पेट घेतात. त्यामुळे जळत्या मेणबत्त्यांजवळ सतत कोणीतरी असणे आवश्यक असते.