आडवी बाटली, उभी बाटली

गेल्या भागात आपण कुंडलच्या प्रतिसरकारबद्दल बोललो. त्यात ओघात एक मुद्दा आला होता, की क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कार्यकर्त्यांनी सावकार आणि गावगुंडांबरोबर दारूविक्रेत्यांनाही सोडलं नाही. तोच धागा आज पुढे न्यायचाय, कारण सातारा-सांगलीचं आणि दारूचं भांडण जुनं आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात दारूची दुकानं वाढतायत म्हणून त्यांनी लेखी विरोध केला होता. गंमत बघा, त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कॅन्सस राज्यात दारूबंदी चक्क मतपेटीतून आली. राज्यघटनेतल्या दुरुस्तीवर लोकांनी थेट मत दिलं. लोकांनी म्हणजे पुरुषांनी. दारूचा मार खाणाऱ्या बायकांना त्या मतदानात जागा नव्हती.

आपल्याकडे याच्या उलट झालं, पण त्याला सव्वाशे वर्षं लागली.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबई प्रांतात 1949 चा दारूबंदी कायदा झाला, तो मोरारजी देसाईंच्या आग्रहाचा. लोकांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे साठच्या दशकात ती बंदी सैल झाली, सत्तरीत देशी दारूची परवानाधारक दुकानं उघडली, तेव्हाही कुणी विचारलं नाही. आणि हेही मान्य करू, की आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा यात नुसता प्रेक्षकाचा वाटा नाही. ऊस आपला, कारखाने आपले, मळी आपली. मळीपासून मद्यार्क होतो, त्याची देशी होते आणि ती बाटली ऊसतोडीच्या फडाशेजारच्या दुकानात परत येते.

लोकांना विचारायची सोय आली ती 25 मार्च 2008 च्या शासन आदेशाने. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. एकूण मतदारांनीही अशी मागणी करता येते, पण गाजलं ते बायकांचं मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ही चिन्हं ज्याने कुणी सुचवली त्याला दाद द्यायला हवी. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही समजावून सांगावं लागत नाही. प्रचारही सोपा, 'बाई, बाटली आडवी कर' एवढंच.

खरी मेख मात्र मोजणीत आहे, इथं जरा थांबू.

जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा गावात 1200 महिला मतदार आहेत. मतदानाला 700 आल्या. 590 जणींनी बाटली आडवी केली, 110 जणींनी उभी. निकाल काय? दुकान चालू. कारण पाहिजे होत्या 601. घरी राहिलेल्या, यादीत नाव असून वारलेल्या, मुंबईला गेलेल्या अशा पाचशे बायका उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेल्या. आमदार, खासदार कुणीच या हिशोबानं निवडून येत नाही. हरलं तर पुन्हा मागणी करायला वर्षभर थांबायचं. त्या वर्षात सह्या करणाऱ्या बाईला त्याच गावात राहायचं असतं, त्याच नवऱ्याबरोबर, दुकानदाराच्या ओळखीपाळखीत. मत गुप्त असतं हो, पण निवेदनावरची सही गुप्त नसते.

म्हणून जावळीचं मला कौतुक वाटतं. मतदानातून दारूची दुकानं बंद करणारा पहिला तालुका म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाचं काम तिथं होतं, वारकरी मंडळींचा आधार होता, हे खरं. पण जावळी म्हणजे निम्मं मुंबईत असलेलं खोरं. घरटी कुणीतरी माथाडी. सून नव्या मुंबईत, नाव गावच्या यादीत. अशा ठिकाणी एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवायची म्हणजे नुसतं मन वळवून भागत नाही, माणसं घाट चढवून आणावी लागतात.

गैरहजर मतदारांवरून न्यूझीलंड आठवतं. तिथं बायकांना 1893 लाच मत मिळालं आणि दारूवर मतदान घ्यायची पद्धतही लगेच रुळली. एप्रिल 1919 च्या मतदानात देशातल्या मोजणीत दारूबंदी पुढे होती. मग समुद्रापार असलेल्या सैनिकांची मतं आली, साधारण 40 हजार, आणि पारडं फिरलं. पण त्या सैनिकांनी मत दिलं तरी होतं. आपल्याकडे मत न देताच पारडं फिरतं.

आता दुसरी बाजू. परवाना गेला की हातभट्टी येते, शेजारच्या गावातून दुचाकीवर बॉक्स येतात, असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. जावळीतही चोरट्या विक्रीच्या तक्रारी झाल्या. बायका बाटली आडवी करू शकतात, छापा टाकू शकत नाहीत. ते काम पोलिसांचं आणि एक्साइजवाल्यांचं. सांगलीकडे तर आणखी गुंता. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला वाईन हा शेतीमाल वाटतो, पलूसला सरकारनेच वाईन पार्क काढलं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा ही दोन मतं एकाच घरातून ऐकू येत होती. मी स्वतः बागायतदाराचं म्हणणं समजू शकतो. पण सीएल-थ्रीच्या दुकानाचा प्रश्न आणि वाईनचा प्रश्न एकाच पिशवीत घालू नये असं माझं मत आहे. पगाराच्या दिवशी घरात न पोचणारा पैसा वाईनवर जात नाही.

आणि सरकार? मतपेटीही त्याचीच, गल्लाही त्याचाच. दारूच्या महसुलाकडे बघून आदेश लिहिला की निम्म्याची अट अशी कडक होते, असा माझा संशय आहे. चंद्रपूर जिल्ह्याची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठवली तेव्हा ती मंत्रिमंडळाच्या बैठकीत उठली, कुठल्याही बाईला 601 चा आकडा गाठावा लागला नाही.

मार्च 2025 मध्ये विधानसभेत अजित पवारांनी वेगळा हिशोब जाहीर केला: झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मतं बंदच्या बाजूनं पडली तर दुकान बंद. आपल्या मघाच्या समजा-गावात 700 पैकी 590 म्हणजे 84 टक्के. घोषणा मात्र महापालिकांच्या वॉर्डांबद्दल होती.