पिस्तुलाचा परवाना: कोणाला मिळतो, आणि घरात हवा का?

चाकूर, अहमदपूर, उदगीर भागात बंदूक हा रोजच्या बोलण्यातला विषय नाही. तरी रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, शेतात वस्ती करून राहणारी कुटुंबं अधूनमधून विचारतात, "सर, पिस्तुलाचं लायसन्स कसं निघतं?" दुसरीकडे आमची पोरं मोबाइलवर कट्टा हातात घेतलेले स्टेटस पाहतात. दोघांनाही कायदा ठाऊक असायला हवा, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

हक्क नव्हे, परवानगी

इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, असा तो मामला होता. त्यामुळे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेत मात्र १७९१ पासून हा घटनात्मक हक्क आहे. आपल्याकडे आज १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत.

अर्ज कसा होतो?

• वय २१ पूर्ण हवे.
• लातूर जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो अधिकार आयुक्तांकडे असतो.
• अर्जासोबत ओळख व रहिवासाचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचा डॉक्टरी दाखला आणि हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षणही लागते.
• पोलीस ठाण्यामार्फत चौकशी होते. नियमांनुसार पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतर निर्णय ६० दिवसांत अपेक्षित आहे.
• पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखवावे लागते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद वेगळी आहे. पण रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगीही लागते, हे शेतकऱ्यांनी विसरू नये.
• मालमत्ता कमी आहे, एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. धर्म-जात हा कायद्यात निकषच नाही. नकार मिळाला तर कारणे लेखी मागा. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर जमा करून पावती घ्यावी. परवानाधारकाचा इंतकाल झाला, तर वारसांनी हत्यार कपाटात ठेवून देऊ नये. ते लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, मग हवे तर स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

कट्ट्याची किंमत

विनापरवाना साधे पिस्तूल सापडले, तरी २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. विनापरवाना बनवणे किंवा विकणे याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे परवाना असला तरी सुटका नाही. "दोस्ताचा होता, फक्त फोटो काढला" हे सांगणाऱ्या पोरालाही आधी ठाण्यात आणि मग कोर्टात जावे लागते. नोकरीची चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, सगळीकडे तो गुन्हा आडवा येतो. घर मात्र वकिलाच्या फीमध्ये बुडते.

लोक काय म्हणतात?

एक बाजू म्हणते, पोलीस यायला वेळ लागतो, तोवर स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं. वस्तीवर राहणाऱ्याची ही भीती खोटी नाही. दुसरी बाजू म्हणते, घरातलं हत्यार चोरापेक्षा आधी घरातल्या भांडणात किंवा लेकराच्या हातात जातं. मराठवाड्यात तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे आठवण. १९४८ पर्यंत रझाकारांच्या बंदुकीची दहशत गावांनी सोसली, आणि पोलीस ॲक्शननंतर ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुस्लिम कुटुंबांनीही भोगलं. सुंदरलाल समितीने जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडचं नाव घेतलं. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. आमच्या घरातले बुजुर्ग हत्यार म्हटलं की गप्प होतात, ते यामुळेच.

आमचं मत सरळ आहे. ज्याला खरोखर धोका आहे त्याने उजळ माथ्याने अर्ज करावा, आणि परवाना मिळाला तर हत्यार रिकामं करून कुलपात ठेवावं. बाकीच्यांनी दुकानाला चांगलं शटर आणि कॅमेरा बसवावा, रोकड कमी बाळगावी, अडचणीत ११२ नंबर लावावा. आणि आज रात्री जेवताना मुलाला एकदा विचारावं, "बेटा, तुझ्या स्टेटसला काय आहे?"