स्ट्रॉबेरीची वेळ

मिरची, अननस आणि काजू ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती गोव्यास आली आणि येथलीच होऊन राहिली. पेडण्यातील कोरगावच्या डोंगरउतारावरचा काजू परका आहे, हे आज कोणाच्या मनातही येत नाही. स्ट्रॉबेरीचे माहेरही तोच खंड. परंतु या जुन्या वाटेने ती आली नाही. काजू येथे रुजला त्या काळी आजची बागेतील स्ट्रॉबेरी जन्मासच आलेली नव्हती.

1712 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्यास दक्षिण अमेरिकेत धाडले. स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी हे त्याचे काम. चिली देशात मोठाल्या फळांची स्ट्रॉबेरी त्याच्या दृष्टीस पडली. 1714 साली तो परतला तेव्हा गोड्या पाण्याच्या टंचाईतून पाच रोपे जगली होती. ती वाढली, पण फळेनात. कारण ती सारी मादी होती. पुढे ब्रिटनी प्रांतात उत्तर अमेरिकेतील लहान फळांच्या जातीचा शेजार त्यांना लाभला आणि त्या संकरातून आजचे फळ जन्मले. 1766 साली द्युशेन या तरुण अभ्यासकाने या संकराचे रहस्य उलगडले.

हे फळ इंग्रजांबरोबर महाबळेश्वरास आले. विलायतेत ऑगस्टच्या सुमारास रोप लावावे आणि पुढच्या जूनमध्ये फळ खावे, असा रिवाज. सह्याद्रीच्या माथ्यावर जून म्हणजे धो धो पाऊस! तेथे वर्षाचे गणितच नव्याने मांडावे लागले. पावसाळ्यापूर्वी मातृरोपे आणावयाची, त्यांच्या जमिनीसरसे धावणाऱ्या वेलांपासून पावसात नवी रोपे करावयाची, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड करावयाची आणि नोव्हेंबरअखेरपासून उन्हाळ्यापर्यंत तोडणी. ही नवी वेळ साधली म्हणूनच फळ तेथे टिकले, आणि 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

यामागील कारण असे की, दिवस लहान आणि रात्री गार असल्या म्हणजे या झाडाच्या पोटी कळी धरते. उष्मा वाढला की ते फुलणे सोडून वेल पसरू लागते. गोव्यातही सांग्याकडील डोंगरात, वेर्ले गावी, तिची लागवड झाली आहे. कोरगाव मात्र समुद्राजवळचे. तेथे गारवा थोडा आणि थोडेच दिवस. पाऊस सरण्यापूर्वी रोप लावले तर कुजते, डिसेंबरात लावले तर फळ धरण्याआधीच उन्हाळा गाठतो. मध्ये उरतात ते ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध.

कोरगावच्या शेतकऱ्याला ही वेळ मुळीच अनोळखी नाही. सरदाचे भात घरात आले की मिरचीचे आणि तांबड्या भाजीचे वाफे धरावयाचे हेच दिवस. त्याच वेळी परसात, सकाळचे ऊन लागेल अशा जागी, उंच वाफा करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. रोप संध्याकाळी लावावे. त्याचा गाभा मातीच्या पातळीशी बरोबर असावा. पुरला तर कुजतो, उघडा पडला तर सुकतो. भोवती भाताचे गवत अंथरावे, म्हणजे ओल टिकते आणि फळ मातीस टेकत नाही. दिवाळीच्या सुमारास लावलेल्या रोपावर नाताळानंतर पहिली लाल फळे दिसू लागतात.

मार्चमध्ये फळे बारीक होतात, आणि पावसात बहुधा झाडेही जातात. पुढील वर्षी रोपे पुन्हा डोंगराकडूनच आणावी लागतात. काजूप्रमाणे स्ट्रॉबेरी कोरगावची रहिवासी होणार नाही. ती हिवाळ्याची पाहुणीच राहील. पाहुणीची येण्याची वेळ ज्याने ओळखली, त्याच्याच परसात ती चार दिवस आनंदाने राहते.